बिनखिळ्यांचा राजवाडा

मलेशियाच्या सहलीचं नावच काढू नका. त्या गाईडची आठवण झाली तरी माझं डोकं फिरतं.

बाबा आले होते ते एकाच गोष्टीसाठी. कोकणातल्या मांडवीत जन्मभर सुतारकाम केलेला माणूस! क्वाला कांगसारला सुलतानाचा लाकडी राजवाडा आहे आणि त्यात एकही खिळा नाही, एवढं कुठेतरी वाचलं आणि सत्तराव्या वर्षी पासपोर्ट काढला.

सोनेरी घुमटाच्या मशिदीपाशी फोटोंसाठी तासभर थांबलो. राजवाडा आला तेव्हा गाईड म्हणाला, "बसमधूनच बघा. लाकडाचं जुनं घर आहे. मॉलला उशीर होतोय."

बाबा उभे राहिले. "मला उतरायचंय."

"काका, असली घरं तुमच्या कोकणात ढिगाने असतील!"

अख्खी बस हसली. आणि मी, त्यांचा मुलगा, काय म्हणालो? "बाबा, बसा ना. लोकांचा खोळंबा होतोय." गाईडपेक्षा जास्त राग मला या वाक्याचा येतो.

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे जाऊन त्यांनी ड्रायव्हरला हातोडीने खिळा ठोकल्याची खूण केली, मग राजवाड्याकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवली. तो मलाय माणूस खुलला. त्याने बस थांबवून दार उघडलं आणि बाबांबरोबर स्वतःही उतरला. दोघे वाकून वाकून लाकडाचे सांधे बघत राहिले.

गाईड अर्धा तास दारातून ओरडत होता, "चला, निघायचंय!"

निघणार कसा? बसची चावी ड्रायव्हरच्या खिशात होती.