चार कुलपांचं गॅरेज

हसू नका! टिनाच्या आतून आवाज येऊन राहिला म्हणून काय झालं, माणूस आपल्याच गॅरेजात बसू शकत नाही का? सकाळी सव्वासातपासून बसून राहिलो ना बाप्पा, आता साडेनऊ होऊन राहिले, एप्रिल महिना, भिलाईचं ऊन, डोक्यावर टिन, अन् हा हिरालाल, बावीस वर्षांपासूनचा माहा शेजारी, जाळीपाशी तोंड आणून मले इचारते, "भितरी म का करथव टिकाराम भैया?" का करतो! पापड वाळवतो! अरे अडकलो आहो, अजून काय करन? पण तुमाले एकच इचारतो, छातीवर हात ठेवून सांगा... सायकल चोरीले गेली का? नाही गेली!

आता जमलेच आहा तं पुरं ऐकून घ्या, नाही तं उद्या गल्लीत तीन प्रकारे सांगसान. मी चौतीस वर्षं रोलिंग मिलमधी फिटर होतो. रिटायर झालो, हेच राहतं क्वार्टर लीजवर घेतलं, बाजूले हे गॅरेज मी माह्या हातानं बनवलं. अँगल माहे, वेल्डिंग माहं, पत्रा असा का दोनचार माणसं लागली तं हालत नाही. तुम्ही आताच लावून पायला ना जोर? हालला का? तेच म्हणतो मी! अन् बनवलं कावून? तं गेल्या हिवाळ्यात ह्याच हिरालालची सायकल याच्याच व्हरांड्यातून गेली, साखळी तशीच खांबाले, कुलूप तसंच बंद, फक्त सायकल नाही. मंग कोपऱ्यावरच्या गॅरेजचं दार तोडलं, दोन सायकली नेल्या, वरून पंपही नेला! म्हणजे पुढची हवा भराची सोय पाहून गेला चोर! अन् माह्या घरी काय होतं? कांताची, माह्या बायकोची, सायकल होती.

आता कांताची सायकल म्हणजे तुमाले नुसती सायकल वाटन. लाल रंग, पुढं टोपली, दोन ट्रिंग ट्रिंग घंट्या, एक घंटी पुरली नाही तिले. पण लहानपणी भंडाऱ्याकडच्या खेड्यात हिच्या भावाले सायकल होती, अन् हिले काय काम होतं? फडक्यानं पुसाचं! चाकं पुसाची, तार पुसाची, हँडल धरून उभं राहाचं, बसाचं नाही, "पोरीच्या जातीनं बसते का?" अशी चकाचक पुसली म्हने सहा वर्षं. ते आठवण ठेवून बाई चोपन्नाव्या वर्षी मैदानात सायकल शिकाले उभी राहिली, अन् म्या काय केलं? हसलो का? नाही हसलो! मी म्हटलं, सेफ्टी! हेल्मेट घाल, प्लांटचे बूट घाल. किलोकिलोचे ते बूट घालून तिनं पायडल मारले, सात वेळा पडली, मैदानातली पोरं म्हने, "आंटी, क्रेन चला रही हो क्या?" पण शिकली. शिकली ना! अन् यंदा महिला मंडळाच्या मिटिंगीत मनकर्णाबाईनं, अध्यक्ष आहे त्या, सगळ्याईसमोर सांगून टाकलं का चौदा एप्रिलच्या सायकल रॅलीत सगळ्यात पुढं कोण? कांता! हँडलले पंचशील झेंडा बांधून! त्या दिवशी घरी आली तं रात्रीच्या भाजीत दोनदा मीठ टाकलं, मी गुपचूप खाल्ली, मले माहीत होतं का हिचं चित्त कुठं आहे.

मंग मले सांगा, अशी सायकल मी साध्या कुलपावर सोडन का? नरेश, माहा पोरगा, भिलाई-तीनले रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आहे, तो म्हने, "पापा, कॅमेरा लगा लो ना." लावला. पंधरा दिवस त्यात एक गाय दिसली, मंग तीच गाय उलट्या दिशेनं दिसली. मी म्हटलं बस, हे शिकलेल्याईचे खेळ बंद, आता आपल्या मिलचा कायदा चालन. मिलमधी मशीन रिपेरिंगले बंद केली का जेवढे जण आत उतरते तेवढी कुलपं स्विचले लागते. ज्याचं कुलूप त्याची चाबी, त्याच्याच खिशात, अन् सगळे बाहेर येऊन आपापलं कुलूप आपापल्या हातानं काढत नाही तोवर ब्रह्मदेव आला तरी मशीन सुरू होत नाही. चौतीस वर्षांत माहं एक बोट कमी झालं नाही, मोजा, दहाच्या दहा! कुलपं अडकवाची तशीच सहा छेदांची कडी म्या दाराले ठोकली. घरातली माणसं चार, कुलपं चार. माहं, कांताचं, नरेशचं, सून मोनालीचं. प्रत्येकावर लाल टॅग, त्यावर नाव. चौघं हजर असल्याशिवाय दार उघडणार नाही, अन् आपली चाबी दुसऱ्याले देणं सक्त मना! आता चोर चौघाईले कुठून गोळा करन?

कांता पहिल्याच दिवशी बोलली, "अहो, कोथिंबीर आणाले जाचं तं चौघाईची सही घेऊ का आता?" मोनाली तिकडून ओलं डोकं घेऊन चाबी हातात धरून धावत ये, "मामाजी, हो गया? जाऊ का मी?" नरेश झोपेत भिंत चाचपत ये, अन् तो ड्यूटीवर असला तं कांता पायीच जाये. तरास झाला, मी नाही म्हणत नाही. पण तीन महिने, मंडळी, पूर्ण तीन महिने... सायकल चोरीले गेली का? नाही गेली!

आता येतो काल संध्याकाळवर. नरेशले कॉल आला, मालगाडी घेऊन गोंदियाले गेला. गेला तं गेला, ड्यूटी आहे, घाईत चाबीचं कोणाले सुचलंच नाही. आज सकाळी साडेसहाले कांता पांढरी साडी नेसून, झेंडा हातात घेऊन, दारापाशी उभी. मी माहं कुलूप काढलं. तिनं तिचं काढलं. मोनालीनं तिचं काढलं. अन् मंग आमी तिघंही त्या चवथ्या कुलपाकडे पाहून राहिलो... टॅगवर सुंदर अक्षरात, माह्याच अक्षरात, नरेश. फोन लावला तं पोरगा रनिंग रूममधून, गाडीवाले झोपते तिथून, म्हणते, "पापा, चाबी मेरे पॉकेट में है. तुमीच तं म्हटलं होतं, अपनी चाबी अपने पास." मी म्हटलं, तू कधी येशीन? तं म्हने, चार बजे. अन् रॅली साडेसातले!

आरी लावली, तीन पाती तुटली. कुलूप म्याच निवडलं होतं ना, पक्कं! कटरवाल्याचं दुकान जयंतीची सुट्टी म्हणून बंद. अन् कांता? पायरीवर बसली, झेंडा मांडीवर, अन् पदरानं त्याची काडी पुसाले लागली. चिडली असती, शिव्या घातल्या असत्या तं बरं वाटलं असतं मले, पण ते पुसणं काही पाहवलं नाही. खरंच सांगतो, चौतीस वर्षांत पहिल्यांदा मले माह्या कामाची लाज वाटली.

तेवढ्यात ट्रिंग ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! विहारातून चाळीस बाया सायकली घेऊन थेट आमच्या दारात! मनकर्णाबाईनं सायकल स्टँडले लावली, कुलूप पाहिलं, मले पाहिलं, मंग गॅरेजच्या बुडाशी पाहिलं अन् म्हने, "टिकारामजी, याले फाउंडेशन कुठं आहे?" आता फाउंडेशन कुठून असन, लीजच्या क्वार्टरात पक्कं बांधकाम केलं का नोटीस येते, म्हणून म्या विटांवर नुसतं टेकवलं होतं. बाई पलटल्या अन् म्हने, "लावा गं हात!" वीस बाया या बाजूनं, हैय्या! अन् मंडळी, माहं गॅरेज, चार कुलपांचं गॅरेज, असं ओट्यावरच्या टोपल्यासारखं एका बाजूनं दीड फूट वर! दार बंद, कडी बंद, कुलूप बंद, अन् खालून सगळं खुलं!

कांता गुडघ्यावर बसाले लागली, आत सरकाले. मी म्हटलं, थांब, साडी खराब होईन, तू आज पुढं आहेस. अन् पोटावर सरकत मीच आत गेलो. सायकल आडवी केली, खालून बाहेर ढकलली, बाहेर एकच जल्लोष, सगळ्याईनं आनंदानं टाळ्या वाजवल्या... अन् टाळ्या वाजवाले हात कोणते लागते? तेच हात! धप्प! गॅरेज खाली, मी आत, अन् घंट्या वाजवत चाळीस बाया चौकाकडे! मोनालीही त्याईतच! मी आतून ओरडलो, "अहो, मी!" जयभीमच्या घोषात कोणाले ऐकू येते?

पण मले राग नाही, बरं का. जाळीतून कांताची पाठ दिसली मले, ताठ, अन् झेंडा असा फडफडून राहिला होता का बस. अन् सायकल चोरीले गेली का... थांबा! ऐका! घंट्या! आल्या ना? हिरालाल, बाजूले हो रे. कांता! ए कांता! पडली तं नाही ना कुठं?

"नाही जी! पुतळ्यापर्यंत गेली अन् आली, एकदाबी पाय टेकवला नाही!"

ऐकलं? एकदाबी नाही! पाहा, आता डोळ्यात घाम गेला, टिनाखाली जातेच. बाई, मंग आता उचला पाहू जरा, मी सरकून बाहेर येतो... हो, हो, उचललं, उजेड आला, थांबा, येतोच... अरे, हे काय? कांता, सायकल कावून आत ढकलून राहिली?

"बाहेर ठेवू का मंग? एवढी गर्दी, चोर फिरून राहिले, तुमीच तं सांगता! धरा नीट, हँडल धरा!"

धरली. मी सायकल दोन्ही हातांनी धरली, मंडळी, अन् मनकर्णाबाई म्हणून राहिल्या, "चला गं बायांनो, विहारात खीर ठंडी होऊन राहिली," अन्... धप्प!

गेल्या. आता चार वाजेपर्यंत मी अन् सायकल. जाऊ द्या... फक्त एक करा, मंडळी, तुमच्यात कोणाच्या ओळखीचा एखांदा चोर असन ना, चांगला, हात साफ असलेला, तं त्याले हात जोडून सांगा, ये म्हणा बापा लवकर, टिकाराम वाट पाहून राहिला!