आठ फुटांचं कपाट

मी दहावीला गणित शिकवतो हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला हसायला सोपं जाईल. घणसोली गावात भाड्याची खोली घेतली तेव्हा मापं मीच काढली. कपाट आठ फूट, छत आठ फूट एक इंच. बायकोला म्हटलं, "टेन्शन घेऊ नकोस, एक इंच उरतोय."

टेम्पोवाले रफीकभाई आडवं आणलेलं कपाट उभं करायला लागले, तर वरचा कोपरा छताला अडला. तेव्हा मला कर्ण आठवला. खोक्यावर पेनाने मांडलं: उंची आठ, जाडी दोन, वर्गांची बेरीज अडुसष्ट.

"कर्ण सव्वाआठ फूट येतोय," मी म्हटलं. "दोन इंच कमी पडतायत."

"बरोबर असेल सर," कपाटाखालून रफीकभाई म्हणाले, "पण मी अजून किती वेळ धरू?"

शेवटी कपाट पाठीवर झोपवलं आणि वर गादी टाकली. संध्याकाळी घरमालकीण काकू आल्या. त्यांनी गादीचं टोक उचलून पाहिलं.

"पलंग मजबूत हाय मास्तर, पन याला दरवाजे कशाला?"

बायको शांतपणे म्हणाली, "आत साड्या आहेत. हवी असली की मी यांना उठवते."