स्वयंपाकघराकडचं वळण

लोखंड कातून देणाऱ्या लेथच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्क जोडपं उभं होतं. काउंटरवर काकांनी दुकानदारापुढे बशीएवढी दोन लोखंडी चाकं ठेवली होती.

“मधली चाकं आहेत ही. यांची कड पूर्ण काढून टाका.”

“काका, कड नसेल तर इंजिन रुळावर राहील कसं?”

“पुढची-मागची धरून ठेवतील की. ही मधली वळणात अडकतात आणि इंजिन घसरतं.”

“आणि वर बसलेले हेही! अंगणात चालवायला खरं वाफेचं छोटं इंजिन बनवलंय यांनी, आठ वर्षं खपून. काल तिसऱ्यांदा माझ्या कुंड्यांत पडले.”

“मग वळणच मोठं घ्या ना, काका.”

“तेच सांगून माझं तोंड दुखलं, दादा. अख्खं अंगण मोकळं पडलंय, आणि यांना रूळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यालाच वळवायचेत!”

“मोठं वळण घेतलं तर गाडी पार लांबून जाईल.”

“जाऊ दे की!”

“मग तुझ्या खिडकीखालून कशी जाईल?”

काकूंनी ती दोन्ही चाकं स्वतःच दुकानदाराकडे सरकवली.

“दादा, कधी देता चाकं?”

“शनिवारी.”

“उद्याच द्या. आणि अहो, खिडकीपाशी जरा थांबत जा. नुसती शिट्टी मारून काय जाता? मला चढायचं असतं.”