चिंचमळ्याचं नाव विधानसभेत

...आता हार कुणी खाल्ला याला काय महत्त्व हाय का? पण न्हाय! जो भेटतो तो तेवढंच इचारतो, 'जोतीराम, हार म्हणं गाईनं खाल्ला?' खाल्ला! खाल्ला की! जरशी गाय हाय, झेंडूचा हार तोंडापुढं आल्यावर ती काय टाळ्या वाजवंल? मी म्हणतो, ते सोडा, आधी ह्ये बोला... गावाचं नाव विधानसभेत गेलं का न्हाय?

गेलं! तुमाला सांगतो, इंदापूर तालुक्यात कळसच्या अलीकडं एक फाटा फुटतो, तितं आमचं चिंचमळा. एष्टीचा कंडक्टर नाव घेत न्हाय, नुसती घंटी मारतो. बारामतीवाल्यांचं बरं हाय, त्यांचं नाव रोज कुठं ना कुठं निघतंय, आमचं पयल्यांदा निघालं! आमच्याच तालुक्याचे राज्यमंत्री, नीळकंठराव, भर सभागृहात उभं ऱ्हाऊन, चष्मा सावरून म्हणलं, 'अध्यक्ष महोदय, चिंचमळ्यासारख्या...' आन् पारावर मोबाईल बघत बसल्याली समदी उठून शिट्ट्या मारायला लागली! पुढचं कोण ऐकतंय? तितल्या तितं सत्कार समिती काढली, अध्यक्ष मीच, फेटा सांगितला, शाल सांगितली, फ्लेक्सवाला म्हणतो 'मजकूर काय टाकू?' तवा कुठं पुढचं ऐकलं... 'चिंचमळ्यासारख्या छोट्या गावातही जनावरांचा दवाखाना पूर्ण क्षमतेने सुरू आहे!' म्हणलं छाप! पूर्ण क्षमतेने! असला भारी शब्द आमच्या गावाला आजवर कुणी लावलाय?

आन् दवाखाना हाय की! इमारत हाय, रंग हाय, पाटी हाय. आत तरुण मंडळाचे ढोल हायत. डॉक्टर तेवढा न्हाय... म्हंजी कधी आलाच न्हाय. पण अभिमानाच्या भरात असल्या बारीकसारीक गोष्टी ध्यानात ऱ्हात्यात व्हय? फ्लेक्स लावला तो बी त्याच दवाखान्याच्या भिंतीवर, गावात मोकळी भिंत तेवढीच!

आमची ठमाबाई, बायको माझी, वैरणीचा भारा घेऊन आली आन् फ्लेक्सपुढं थांबली. वाचला. भारा खाली टाकला, परत वाचला. 'अवो, सायेब तितं सुरू हाय म्हणलं? मग आता डॉक्टर मागायचा कसा? सुरू असल्याल्या दवाखान्याला कोण डॉक्टर देतंय?' तुमाला सांगतो, मागल्या वर्साला आमची चांदी गाय पोट फुगून गेली, इंदापुरावरनं डॉक्टर येईस्तवर गेली. तिचं दावं ठमाबाईनं अजून टाकून दिलं न्हाय. वाईट वाटलं हो मला, लई वाईट वाटलं... पण फेट्याची ऑर्डर गेल्ती!

तवर मुंबईत विरोधी पक्षवाल्यांनी ओरडायला सुरुवात केली, 'सभागृहाची दिशाभूल! राजीनामा द्या!' झालं, पारावर दोन तट पडलं. पारावरचे म्हातारे आबासाहेब म्हणत्यात, 'दिलाच पायजे राजीनामा! गावात येऊन खोटं बोललं तर एकवेळ समजून घेऊ, पण सभागृहात?' तरुण मंडळाचा दीपक म्हणतो, 'आबा, किती वर्सांनी तालुक्याला मंत्रिपद आलंय! आन् दुसऱ्या तालुक्याचा मंत्री खोटं बोलला असता, तर त्यानं आपलं नाव घेतलं असतं का?' मला इचाराल तर मला दोघांचं बी पटलं. पण मी म्हणलं, भांडा खुशाल, नाव विधानसभेत गेलं का न्हाय?

सत्काराला सायेब आलं. फेटा बांधला, शाल पांघरली, मी हार उचलला... आन् मागनं गाईच्या गळ्यातली घंटा! बघतो तर ठमाबाई, हातात दावं, मागं लंगडत आमची जरशी. माणसं बाजूला व्हायला लागली, न होऊन करत्यात काय?

'रामराम सायेब. हिच्या खुराला जखम झालीया. दवाखाना सुरू हाय म्हणं. डॉक्टरला जरा हाक मारा.'

सायबांनी पीएकडं बघितलं. पीएनं रुबाबात दार उघडलं, आन् आतनं एक ढोल घरंगळत आला तो सायबांच्या पायापाशी येऊन थांबला! सायेब घाम पुसत म्हणत्यात, 'ताई, मला अधिकाऱ्यांनी तसं लिहून दिलं होतं...'

'आन् तुमी नुसतं वाचलं? एकदा इकडनं जाताना खिडकीतनं डोकावलं असतं तर?'

मागनं कुणीतरी आरोळी ठोकली, 'राजीनामा!' ठमाबाई गर्रकन वळली, 'गप रं! राजीनामा काय दूध देतो व्हय? सायेब, मला तुमचा राजीनामा नगं. जितं हाय म्हणलासा, तितंच उभं ऱ्हाऊन न्हाय म्हणा.'

माझा ऊर असा भरून आला! बायको हाय ती माझी! म्हणलं, हिच्यापुढं मंत्री काय नि संत्री काय! आन् त्या नादात हात आला खाली, हार गाईच्या तोंडापुढं... पुढचं तुमाला ठाऊकच हाय.

सायबांनी फेटा उतरवून हातात घेतला. 'म्हणतो, ताई.' आन् सभागृहात उभं ऱ्हाऊन म्हणलं बरं का! 'अध्यक्ष महोदय, चिंचमळ्याबाबत मी दिलेली माहिती चुकीची होती. तिथं दवाखाना सुरू नाही. मी दिलगिरी व्यक्त करतो.' पारावर समदी मोबाईल खिशात घालायला लागली. मी एकट्यानं शिट्टी मारली. मारू नगं? दोनदा गेलं नाव! असा मान दुसऱ्या कुठल्या गावाला हाय, सांगा की!

सायेब खुर्चीवरच हायत, विरोधी पक्षवाले अजून ओरडत्यात. पण डॉक्टरीणबाई आल्या! राजलक्ष्मी म्हणून हायत, पयला खूर बघितला तो आमच्याच गाईचा. ठमाबाईनं त्या दिवशी चांदीचं दावं ह्या गाईला बांधलं. मी काय रडलो न्हाय, डोळ्यात भुसा गेल्ता.

फकस्त गाव म्हणलं, एवढं मोठं प्रकरण झालं, कुणीतरी राजीनामा द्यायला पायजे का नगं? फ्लेक्स कुणी छापला? तर तुमाला सांगतो, आख्ख्या महाराष्ट्रात ह्या प्रकरणात राजीनामा झाला एकच. माझा. सत्कार समितीचा. नवीन अध्यक्ष, ठमाबाई! तिनं पयल्याच बैठकीत इचारलं, डॉक्टरीणबाईंना खोली मोकळी केली, आता मंडळाचे ढोल ठेवायचे कुठं? आन् कुणी काय बोलायच्या आत स्वतःच ठरवून टाकलं... आमच्या पडवीत. पोरं रोज येत्यात, सराव करत्यात, माझ्या खाटंच्या उशाला. तक्रार करून सांगतो कुणाला? पूर्ण क्षमतेनं सुरू हाय समदं!