बटणाएवढी बॅटरी

"हॅलो?… अहो, मीच. दाराच्या अलीकडून दुसरं कोण बोलणार?… आधी घोटभर पाणी प्या. प्यायलात?… हां, सांगा आता."

फोन खांद्याशी धरून प्रमिलाताई कंप्युटरपुढे बसल्या. बंद दारापलीकडे गुरुनाथ कोविडने पडून होते. ताप उतरला, पण वास गेला, चव गेली. ताट गेलं तसं परत यायचं. तेव्हापासून प्रमिलाताईंनीही मीठ सोडलं होतं. त्यांना चव येईपर्यंत.

"प्लग काढलाय… अहो, मी रोजच रात्री काढते, देवापुढचं निरांजन शांत झालं की… म्हणून होय! म्हणून हा रोज सकाळी उठून दोन हजार बारा साल सांगतो?… आणि तारीख चुकली म्हणून तिकडे हॉलंडात, वाखनिंगनहून आपल्या नीरजाचा व्हिडिओ कॉल लागत नाही… कळलं, हो. आतली बॅटरी संपलीय, खणातली नवी बसवायची. उघडते."

"डब्याच्या पत्र्याला हात लावला… अंगावर? पूजेची धाबळी आहे, आत्ताच उठले ना देवापुढून… लोकरीचीच की… अहो, ओरडू नका, खोकला येईल! काढते. माझ्या अंगातून कसली हो ठिणगी पडणार?"

झाकण निघालं. खिडकीखालच्या कालव्याच्या पाण्यावरून आलेलं ऊन छतावर संथ हलत होतं, आणि आत, धुळीत, चांदीची टिकली असावी तशी ती चमकली.

"दिसली. बटणाएवढी तर आहे… म्हणजे सगळं बंद झालं तरी ही एकटी जागी असते? वेळ धरून?… नंदादीपच म्हणा की… ऐकतेय, ऐकतेय. अहो, ऐका ना, दोन हजार बाराच राहू दे का? नीरजा शाळेत होती, तुम्ही सायकलवरून भिजून यायचात, मला हाक मारत… तेव्हा हा आजार कुणाला माहीत तरी होता का?… बरं. करते, करते."

"नखाने दाबली… अगंबाई, उडाली!… सापडली, पाटाखाली. नवी ठेवते. अधिकचं चिन्ह वर… बसली. प्लग लावला… विचारतोय तारीख. घातली हो, आजचीच. सेव्ह पण केली… काय? जळतंय? कुठे?… काढला, काढला प्लग! देवा… अहो, पण धूर नाही कुठे. काही जळत नाहीये… हां, तो धूप असेल. म्हटलं, यंत्राला हात लावायचा, तर आधी…"

बोलता बोलता त्या थांबल्या.

"अहो… तुम्हाला वास आला?"

त्या उठल्या.

"फोन ठेवू नका हं."

धुपाटणं घेऊन त्या दाराच्या फटीशी बसल्या आणि पदराने हळूहळू धूर आत लोटू लागल्या.

"आता?… अजून?… कापूर नाही. ओळखा… ऊद! बरोबर, ऊदच!… हसताय की रडताय हो?… मी? मी कशाला रडू? धूर गेला डोळ्यात…"

बऱ्याच वेळाने त्यांना कंप्युटरची आठवण झाली.

"थांबा, लावते प्लग… अहो! लक्षात आहे त्याच्या. आजचीच तारीख आहे… नको ते दोन हजार बारा. आजचंच बरं… वरण? लगेच टाकते. लिंबू पिळून… घालते हो, मीठही घालते. माझ्याही पानात. ठेवा आता फोन… तुम्ही आधी… बरं, मीच ठेवते."