साडूला दिलेला टू-इन-वन

खरं सांगतो भिया, बंद पडलेली वस्तूसुद्धा साडूला देऊ नये. माझा जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, मी देवासहून नेऊन धारला विलासकडे, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याकडे, भंगार म्हणून टाकून आलो. त्या पठ्ठ्याने बेल्ट बदलला, हेड स्पिरिटने पुसलं आणि चक्क वाजता केला! "भाऊजींच्या हाताला काय गुण आहे!" आमची ही महिनाभर तेच घोकत होती. मी आतून नुसता जळत होतो.

दिवाळीत धारला गेलो, तर त्याने सगळ्यांना बसवून स्वतःच्या लग्नाची कॅसेट लावली. त्याच्या बायकोचा उखाणा अगदी काल घेतल्यासारखा वाजला. मीही आमच्या लग्नाची कॅसेट मुद्दाम खिशात घालून नेली होती. म्हटलं, "आता आमची लाव!"

हिचा उखाणा सुरू झाला. आता माझं नाव येणार, तोच रेडिओवाला ओरडला, "और ये क्लीन बोल्ड!" कधीकाळी मीच त्यावर मॅचची कॉमेंट्री टेप केली होती.

ही विलासला म्हणाली, "भाऊजी, मशीन छान सुधारलंत. आता ह्यांचं काही होतंय का बघा."