दिवस चोरणारा नायक

कादंबरी स्वीकारल्याचा फोन आला तो दिवस सांगते. मी आणि सासूबाई लातूरच्या घराच्या गच्चीवर कुरडया घालत होतो. हात चिकाने भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. ह्यांना जाऊन वर्ष झालं होतं. सासूबाई रोज दुपारी पोथी ऐकावी तशी माझी कादंबरी ऐकायच्या. तिचा नायक गंजगोलाईच्या बाजारातल्या गर्दीत फिरून लोकांच्या आयुष्यातला एकेक दिवस चोरतो आणि आजारी प्रेयसीला नेऊन देतो.

पुण्याच्या संपादकबाई म्हणाल्या, "सगळं छान आहे. फक्त शेवटी नायकाला पश्चात्ताप होऊ द्या. चोरच आहे ना तो."

सासूबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. "ओ बाई, त्याला सुधरवू नका. तो सुधरला तर पोरीला कोण बघंल?"

"अहो आजी, पण न विचारता घेतो तो!"

"इचारत न्हाई, तेवढंच चुकतंय त्याचं. माझ्या लेकासाठी कुणी मागाय आलं असतं, तर मी माझे सगळेच दिले असते. कुणी आलंच न्हाई."

मग बाई म्हणाल्या, "राहू द्या. आहे तसंच छापू."

"हां, आता कसं!" म्हणत सासूबाईंनी सोऱ्या पुन्हा हातात घेतला.

पुस्तक पुढच्या महिन्यात येतंय. एक ओळही बदललेली नाही. शेवटचं प्रकरण तेवढं मी सासूबाईंना वाचून दाखवलेलं नाही. इतके दिवस चोरूनही ती पोरगी जगत नाही, हे त्यांना सांगायचं अजून राहिलंय.